नवा खुबा आणि रात्रीची झोंप

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आटोपून रोगी घरीं परततो, तेव्हां त्याच्याभोंवतीं जमलेलीं माणसें बहुधा दोनच प्रश्न विचारतात. चालतां केव्हां येईल, आणि खायला काय चालेल? निजायचें कसें, हा तिसरा प्रश्न कोणाच्या मनांतहि येत नाहीं. निजणें ही कांहीं शिकण्याची विद्या आहे, असें कोणास वाटत नाहीं. अंथरुणावर अंग टाकलें कीं झालें! परंतु पहिल्याच रात्रीं घरांतले दिवे मालवले जातात, आणि ज्या माणसानें साठ-सत्तर वर्षें बिनतक्रार कूस बदलली, त्यालाच आज कूस बदलण्याची धास्ती वाटूं लागते. उशी पायांत कीं पायाखालीं? डाव्या अंगावर वळलें तर चालेल काय? टाके उसवतील काय? आणि रात्रीं दोन वाजतां उठावें लागलें तर हांक कोणाला मारावयाची?

पुण्याच्या दक्षिण भागांत टेकडीच्या उताराशीं असलेली बिबवेवाडी एके काळीं नांवाप्रमाणेंच वाडी होती. आज तेथें सहकारी गृहसंस्थांच्या इमारती दाटीनें उभ्या आहेत; अप्पर आणि लोअर इंदिरानगर या नांवांवरूनच वस्ती चढउताराची आहे हें कळतें. कामगार राज्य विमा योजनेचें रुग्णालयहि याच भागांत आहे. येथल्या एखाद्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतील दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या डोळ्यांपुढें आणाव्या. बाहेरच्या खोलींत बुटका दिवाण. आंतल्या खोलींत दिवसा गुंडाळून ठेवलेली आणि रात्रीं जमिनीवर पसरली जाणारी गादी. त्या गादीवर घरांतल्या आजी आणि त्यांची नात अशा दोघी निजत आल्या. आजींचें वय सत्तरीच्या पुढें. न्हाणीघरांत पाय घसरला, मांडीच्या हाडाची मान मोडली, आणि खुबा बदलावा लागला. अशीं घरें एक नव्हे, अनेक आहेत. पुढें जें सांगावयाचें तें अशाच घराला धरून.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. कमरेच्या हाडांत एक खोलगट वाटी असते, आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा त्या वाटींत फिरतो. निसर्गानें हा माथा चांगला मोठा केला आहे. प्रौढ माणसांत त्याचा व्यास सुमारें ४५ ते ५० मिलिमीटर भरतो. वाटीच्या कांठाला चिवट कूर्चेची किनार, भोंवतीं बळकट बंधांची पिशवी, आणि तिच्यावर स्नायूंचे जाड पदर, असा हा बंदोबस्त असतो. म्हणून निरोगी माणसाचा खुबा सहसा निखळत नाहीं. त्याला मोटारीच्या धडकेसारखा जबर आघातच लागतो.

शस्त्रक्रियेंत हा मोडलेला किंवा झिजलेला माथा काढून टाकतात, मांडीच्या हाडाच्या पोकळींत धातूचा दांडा बसवतात, आणि त्याच्या टोंकाला धातूचा किंवा सिरॅमिकचा गुळगुळीत गोळा चढवतात. वाटींत बहुधा प्लास्टिकचें अस्तर येतें. नवा गोळा मूळच्या माथ्याहून सहसा लहान असतो. २८ ते ३६ मिलिमीटरांचे गोळे सध्यां सर्रास वापरांत आहेत. आणखी एक गोष्ट अशी कीं, सांध्यापर्यंत पोंचण्यासाठीं ती बंधांची पिशवी उघडावी लागते, आणि कांहीं स्नायू बाजूस सारावे किंवा सोडवावे लागतात. शेवटीं ते पुन्हां शिवले जातात. पण शिवलें म्हणजे लगेच जुळलें असें नव्हे. तें जुळून भोंवतीं नवें चिवट आवरण धरावयास साधारणपणें सहा ते बारा आठवडे लागतात. तोंपर्यंत नवा सांधा जागच्या जागीं राहतो तो मुख्यत्वें स्नायूंच्या ताणामुळें आणि माणसाच्या सावधपणामुळें. जागेपणीं हा सावधपणा टिकतो. झोंपेंत स्नायू सैल पडतात आणि मन आपला पहारा सोडतें. सांधा निखळण्याचा प्रकार पहिल्या वेळच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांत साधारण एक ते तीन जणांच्याच वांट्यास येतो, हें खरें; परंतु ज्याच्या वांट्यास येतो त्याला पुन्हां रुग्णालय गांठावें लागतें, आणि हाड मोडल्यावरून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना हा धोका थोडा अधिक असतो.

कोणत्या हालचाली टाळावयाच्या, हें शस्त्रक्रिया कोणत्या बाजूनें केली त्यावर अवलंबून असतें. सांध्याच्या पाठीमागून वाट काढण्याची पद्धति फार प्रचलित आहे. तिच्यांत तीन गोष्टींना बंदी असते: गुडघा पोटाकडे काटकोनापलीकडे आणणें, बदललेला पाय मधली रेषा ओलांडून दुसऱ्या पायावर टाकणें, आणि त्या पायाचें पाऊल आंत वळवणें. या तिन्ही एकत्र आल्या म्हणजे गोळा मागच्या बाजूनें वाटीबाहेर सरकूं पाहतो. नवल असें कीं, कुशीवर अंगाचें मुटकुळें करून निजणाऱ्या माणसाच्या वरच्या पायाची नेमकी हीच दशा झालेली असते. गुडघा वर ओढलेला, मांडी पुढें पडलेली, पाय खालच्या पायावरून पलीकडे गेलेला! थंडींत पांघरुणाखालीं जी स्थिति सर्वांत सुखाची वाटते, तीच या दिवसांत सर्वांत वाईट. पुढच्या बाजूनें शस्त्रक्रिया केलेली असेल तर गोष्ट उलटी होते. तेथें पाय फार मागें जाणें आणि पाऊल बाहेर वळणें यांस जपावें लागतें. त्या रोग्यांना कित्येक तज्ज्ञ फारशीं बंधनें घालीतहि नाहींत. किंबहुना पाठीमागच्या पद्धतींतहि अलीकडे कांहीं शल्यविशारदांनीं नियम सैल केले आहेत. म्हणून शेजारच्या इमारतींतले काका तिसऱ्या दिवशीं कुशीवर निजत होते, या दाखल्याचा आजींना कांहीं उपयोग नाहीं. घरीं येण्यापूर्वीं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारून घ्यावें, आणि उत्तर कागदावर उतरून घ्यावें. कारण दहा दिवसांनीं घरांतल्या तिघांच्या आठवणी तीन प्रकारच्या निघतात.

या सांध्याचा इतिहासहि मनोरंजक आहे. बर्लिनमध्यें टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनीं १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. १९४६ मध्यें पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनीं अॅक्रिलिकचा माथा बसवला. असा माथा बसवलेल्या एका गृहस्थाचा खुबा, तो जेवणाच्या टेबलावर पुढें वांकला कीं असा कुरकुरे कीं, त्याची पत्नी समोर बसावयास कंटाळे, अशी हकीकत जॉन चार्नले सांगत असत. या कुरकुरीवरूनच घर्षणाचा प्रश्न चार्नले यांच्या डोक्यांत बसला. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत राइटिंग्टन येथील रुग्णालयांत त्यांनीं प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली; ती कांहीं वर्षांतच झिजली आणि शेंकडों रोग्यांवर पुन्हां शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. द्रव्य शरीराला सोसतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं त्याचे तुकडे स्वतःच्या मांडींत घालून घेतले होते. १९६२ मध्यें कापडाच्या मागांना लागणारीं प्लास्टिकचीं दांतेरी चाकें विकणारा एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेंत आला. त्याच्याजवळचें पॉलिएथिलीन झिजेला विलक्षण टिकाऊ निघालें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या द्रव्याची वाटी प्रथम माणसाच्या खुब्यांत बसली. गिरणीच्या मागाचें चाक आणि आजींचा खुबा यांचें नातें असें आहे! इंग्लंडच्या राजमाता एलिझाबेथ यांचा एक खुबा १९९५ मध्यें वयाच्या ९५ व्या वर्षीं बदलला, दुसरा १९९८ मध्यें; त्यानंतर त्या २००२ पर्यंत, म्हणजे वयाच्या १०१ वर्षांपर्यंत जगल्या. तेव्हां सत्तरी उलटली म्हणून हाय खाण्याचें कारण नाहीं.

पण त्या जुन्या दिवसांत आणि आजच्यांत एक मोठा फरक पडला आहे. पूर्वीं रोग्याचा रुग्णालयांतला मुक्काम आठवड्यांनीं मोजला जाई. पायांमध्यें त्रिकोणी उशी बांधून परिचारिका रात्रभर नजर ठेवी. आतां रोगी थोड्या दिवसांतच घरीं येतो. सांधा कच्चा असतांनाच्या रात्रींचा पहारा परिचारिकेकडून निघून सुनेकडे किंवा म्हाताऱ्या नवऱ्याकडे आला आहे, आणि त्यांना तो कोणी पुरता शिकवलेला नसतो.

पहिला नियम, अंथरूण जमिनीवर नको. मराठी घराला हाच नियम सर्वांत जड जातो. आजी म्हणतात, 'सूनबाई, खाटेवरून मी पडेन. खालीं घाल माझें अंथरूण.' त्यांचें भय खोटें नाहीं, परंतु जमिनीवरून उठावयाचें म्हणजे गुडघे पोटाशीं घ्यावे लागतात, एका हातावर भार देऊन अंग पिळावें लागतें. नव्या सांध्याला नको त्या सगळ्या गोष्टी एका क्षणांत होतात. बाहेरचा बुटका दिवाणहि यामुळेंच उपयोगाचा नाहीं. खाटेची उंची ठरवण्याची रीति सोपी आहे. रोग्यानें कांठावर बसावें. दोन्ही पावलें जमिनीवर सपाट टेकावीं, आणि खुबा गुडघ्याहून थोडा, दोन-तीन बोटें तरी, वर राहावा. ही परीक्षा बसूनच करावी, टेप लावून नव्हे. कारण मऊ गादी माणूस बसतांच दबते आणि मोजलेली उंची फुकट जाते. खाट बुटकी असेल तर तिच्या पायांखालीं विटा रचण्याची घरगुती युक्ति टाळावी, वीट सरकते. सुताराकडून चार लांकडी ठोकळे करून घ्यावे आणि त्यांत खाटेचे पाय बसतील अशा खांचा पाडून घ्याव्या. किंवा गादीवर दुसरी टणक गादी घालावी. कापसाची गादी जुनी असेल तर तिला मध्यें खळगा पडलेला असतो, आणि त्या खळग्यांत कंबर रुतली म्हणजे उठतांना दुप्पट जोर लागतो. ती पिंजून घ्यावी, नाहींतर काथ्याची गादी आणावी. खाट भिंतीला अशी लावावी कीं, ज्या बाजूनें उतरावयाचें ती बाजू मोकळी राहील, आणि तेथें काठी किंवा वॉकर घेऊन उभें राहण्यापुरती जागा असेल.

पहिले कांहीं आठवडे उताणें निजणें सर्वांत निर्धोक. डोक्याखालीं एक-दोन पातळ उशा, दोन्ही पाय थोडे फांकलेले, पावलांचीं बोटें छताकडे. पायांच्या मधोमध एक भरीव उशी मांड्यांपासून घोट्यांपर्यंत ठेवावी. तिचें काम मऊपणा देण्याचें नसून पहारेकऱ्याचें आहे: झोंपेंत एक पाय दुसऱ्यावर चढूं लागला कीं ती आडवी येते. रुग्णालयांत फोमची त्रिकोणी उशी मिळते. ती नसेल तर दोन साध्या उशा एकापुढें एक ठेवाव्या, किंवा घरांतला पातळसा लोड घ्यावा. फार जाड लोड नको, त्यानें मांड्या ताणल्या जाऊन रात्रभर ओढ लागते. रुग्णालयाच्या उशीला पट्टे असतात हें पाहून घरीं दोन्ही पाय उशीसकट ओढणीनें बांधून टाकण्याची हुशारी मात्र कोणी करूं नये. अर्धवट झोंपेंत आजी उठूं पाहतील आणि तोंडघशीं पडतील.

गुडघ्याखालीं उशी घेतली म्हणजे फार बरें वाटतें, आणि म्हणूनच ती बहुतेक घरांत शिरते. घटकाभर चालेल, पण रात्रंदिवस ती तेथेंच राहिली तर खुबा आणि गुडघा वांकलेल्याच स्थितींत आखडतात, आणि मग पाय सरळ करून चालणें कठीण होतें. टांचांची काळजी वेगळी घ्यावी लागते. एकाच जागीं तासन् तास टेकून राहिलेल्या टांचेची कातडी वृद्धांत फार लवकर लाल होते, आणि तिला जखम झाली म्हणजे ती खुब्याच्या जखमेपेक्षां अधिक दिवस छळते. पोटरीच्या खालच्या भागाखालीं टॉवेलाची घडी अशी ठेवावी कीं टांच अधांतरी राहील. ज्यांना दमा किंवा हृदयाचा विकार असल्यामुळें सपाट निजवत नाहीं, त्यांची पाठ उशांनीं उंच करावी. मात्र ती इतकी उभी नको कीं मांडी आणि धड यांत काटकोन होईल. टेकून बसावें, ताठ बसूं नये.

आयुष्यभर कुशीवर निजलेल्यांना उताणें निजून झोंप येत नाहीं, ही तक्रार रास्त आहे. डॉक्टरांची परवानगी मिळाली म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्या कुशीवर निजतां येतें, परंतु वळण्याची आणि उशीची रीत पाळली पाहिजे. वळतांना खांदा, कंबर आणि पाय ओंडक्यासारखे एकदम वळावे. आधीं खांदा आणि मागून कंबर अशी पिळवटणी नको. पहिल्या कांहीं वेळां मागें एक माणूस उभें राहून वरचा पाय उशीसकट धरील तर उत्तम. वरचा पाय अंथरुणाला समांतर राहील एवढी उशीची जाडी हवी, आणि ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोंचली पाहिजे. नुसती गुडघ्यांत ठेवली तर पाऊल लोंबतें आणि मांडी पिळली जाते. नुसती घोट्यांत ठेवली तर गुडघा खालीं पडतो, आणि हें पहिल्याहूनहि वाईट. पाठीशीं एक तक्क्या दिला म्हणजे अंग मागें कलंडत नाहीं. पालथें निजणें पहिल्या महिन्यांत बंदच समजावें. शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर निजण्यास जखम भरेपर्यंत वेदनाच आड येते. पुढें साधारण सहा आठवड्यांनंतर, तपासणी करून, बहुतेकांना मोकळीक मिळते.

आतां खाटेवर चढण्या-उतरण्याकडे वळावें. कारण बिघाड पुष्कळदां झोंपेंत होत नाहीं, झोंपेच्या आधीं आणि मध्यें होतो. निजावयास जातांना मागें सरत सरत पायाच्या पिंढऱ्या खाटेला टेकूं द्याव्या, बदललेला पाय थोडा पुढें सरकवावा, हात मागें खाटेवर टेकवावे आणि मग बसावें. बसल्यावर पुढें न वांकतां, हातांच्या जोरावर ढुंगण मागें सरकवीत अंथरुणाच्या मध्यापर्यंत जावें, आणि दोन्ही पाय व धड एकत्र फिरवीत निजावें. खालीं गुळगुळीत कापड असेल तर सरकणें सोपें जातें. पाय वर घेण्याचें बळ नसेल तर दुसऱ्यानें टांचेखालीं हात घालून तो उचलावा. उतरतांना हेंच उलट क्रमानें. बदललेल्या पायाच्या बाजूनें उतरणें बहुधा बरें, कारण तो पाय बाहेरच्या दिशेनेंच जातो, मधली रेषा ओलांडीत नाहीं. तरी प्रत्येक घरांत कोणती बाजू, हें फिजिओथेरपिस्टनें खाट पाहूनच ठरवावें. कांठावर आल्यावर लगेच उभें राहूं नये. दोन मिनिटें बसावें, डोकें गरगरत नाहीं अशी खात्री करावी आणि मग उठावें.

आणि पांघरूण! पहाटेच्या गारठ्यानें जाग येते, रग पायांशीं सरकलेली असते, आणि माणूस सवयीनें उठून बसतो व पुढें वांकून ती ओढतो. काटकोनाची मर्यादा त्या क्षणीं मोडते. दिवसभर जपून वागलेला रोगी हा गुन्हा अर्धवट झोंपेंत करतो, आणि त्याला त्याची आठवणहि राहत नाहीं. म्हणून पांघरुणाचें एक टोंक उशीजवळ खोंचून ठेवावें. वर आणखी एक हलकी चादर कंबरेपर्यंतच घालावी, म्हणजे ती हाताशीं राहते. टोंकाला आंकडा असलेली जुनी काठी उशाशीं ठेवल्यास तिनें रग ओढतां येते. मच्छरदाणी लावीत असतील तर तिच्या कडा रोग्यानें खोंचूं नयेत, आणि रात्रीं उठतांना ती पायांत येणार नाहीं अशी बाजूला गुंडाळलेली असावी. पायमोजे घालणें-काढणें हेंहि दुसऱ्याचें काम.

रात्रीं लघवीस उठणें हा वृद्धांचा नित्याचा प्रकार आहे. अंधारांत, झोंपेच्या तंद्रींत, वेदनेच्या गोळ्यांचा अंमल असतांना, कच्च्या पायावर दहा-बारा पावलें चालणें म्हणजे पुन्हां एकदां पडण्याचें आमंत्रणच. आजींचा पहिला पाय न्हाणीघरांतच घसरला होता. खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवावी, किंवा लघवीचें भांडें द्यावें; यांत लाज मानूं नये. भारतीय पद्धतीचा शौचकूप असेल तर उकिडवें बसणें या काळांत सर्वस्वीं वर्ज्य आहे, तेव्हां ही खुर्ची दिवसाहि लागतेच. वाटेवरचीं पायपुसणीं, सतरंज्या, मोबाईल चार्जरच्या तारा उचलाव्या. रात्रभर मंद दिवा असावा आणि वीज गेली तर हाताशीं विजेरी. नेसूच्या साडीचा घोळ पायांत येतो. आजींना रात्रीपुरता सैल, घोट्यावर राहणारा गाऊन घालावयास सांगावें. त्या प्रथम नाक मुरडतील.

पहिले कांहीं आठवडे झोंप तुटक लागते, आणि हें बहुतेकांच्या बाबतींत घडतें. दिवसा माणसांच्या वर्दळींत वेदना विसरली जाते. रात्रीं सगळें शांत झालें कीं ती बोलूं लागते. शिवाय दिवसभर उभें राहून पायावर सूज चढलेली असते. यावर डॉक्टरांनीं दिलेल्या वेदनाशामक गोळीची वेळ निजण्याशीं जुळवून घ्यावी, म्हणजे तिचा जोर मध्यरात्रीपूर्वीं ओसरत नाहीं. पण दोन गोळ्यांमधलें अंतर स्वतःच्या मनानें कमी करूं नये. बर्फाची पिशवी कापडांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटें जखमेभोंवतीं ठेवल्यास ठणका उतरतो. बर्फ उघड्या कातडीला लावूं नये. झोंपेच्या गोळ्या, विशेषतः घरांत कोणासाठीं तरी आणलेल्या आणि उरलेल्या, मुळींच देऊं नयेत. वेदनेसाठीं अफूच्या जातीचें औषध चालूं असतांना त्यांची भर पडली तर श्वास मंदावूं शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्रीं भ्रम होऊन तो खाटेवरून उतरूं लागतो.

दुपारच्या झोंपेविषयीं पुण्यांत लिहिणें म्हणजे धाडसच. एक ते चार दुकान बंद ही या शहराची जुनी ख्याति; तरी रोग्याची दुपारची झोंप अर्ध्या-पाऊण तासांत आवरावी, नाहींतर रात्रीं बारा वाजतां आजी टक्क जाग्या आणि सूनबाई डुलक्या घेत आहेत, असा उलटा देखावा होतो. संध्याकाळनंतरचा चहा बंद करावा. भेटीस येणाऱ्यांनाहि वेळ नेमून द्यावी. सहानुभूति दाखवावयास आलेलें मंडळ रात्रीं साडेनऊपर्यंत बसून राहतें, आणि प्रत्येकाला शस्त्रक्रियेची कथा पहिल्यापासून ऐकावयाची असते.

पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो. जागेपणीं दर तासाला पावलें वरखालीं हलवावीं, आणि रक्त पातळ ठेवण्याचें औषध दिलें असेल तें एकहि दिवस चुकवूं नये. पोटरी एकाएकीं सुजली, तापली, दाबल्यावर दुखूं लागली, तर तिला तेल लावून चोळण्याचा मोह घरोघरीं होतो. तो निक्षून टाळावा. चोळल्यानें गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाऊं शकते. अशा वेळीं लगेच डॉक्टरांना दाखवावें. एकाएकीं धाप लागली किंवा छातींत दुखूं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खुबा निखळल्याची खूणहि घरांतल्या सर्वांना ठाऊक असावी: एकदम असह्य कळ, पायावर भार देतां न येणें, पाय आंखूड दिसणें आणि पाऊल आंत किंवा बाहेर विचित्रपणें वळलेलें असणें. तो पाय कोणीहि ओढूं नये, हाडवैद्याला आणूं नये. आहे त्या स्थितींत उशांनीं आधार देऊन रुग्णालयांत न्यावें. बिनलिफ्टच्या दुसऱ्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरवावयास चार माणसें लागतात, म्हणून जिन्याशेजारच्या दोन घरांना आधींच सांगून ठेवणें शहाणपणाचें. जखमेंतून पाणी झरूं लागलें किंवा ताप चढला, तर तोहि निरोप त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेला पाहिजे.

नातीचा प्रश्न उरला. ती आजीजवळच निजणार म्हणून हट्ट धरते, आणि आजींनाहि तिच्यावांचून करमत नाहीं. पण मुलें झोंपेंत लाथा झाडतात. कांहीं आठवडे तिचें अंथरूण त्याच खोलींत, खाटेच्या बंद बाजूकडे खालीं घालावें. आजींना हात लांब करून तिच्याशीं बोलतां येईल इतकें जवळ, आणि उतरण्याच्या वाटेंत येणार नाहीं इतकें दूर. मोठ्या माणसांपैकीं एकानें पहिल्या रात्रीं तरी त्याच खोलींत निजावें. उशाशीं देवघरांतली घंटा ठेवली तर हांक मारण्याचे श्रम वांचतात, आणि संकोचहि वांचतो. कित्येक वृद्ध सुनेची झोंपमोड नको म्हणून एकटेच उठतात आणि पडतात. सुनेनेंच पहिल्या रात्रीं सांगून टाकावें, 'आई, घंटा वाजवा. मीं उठले नाहीं तर पुन्हां वाजवा.'

सहा आठवड्यांच्या तपासणीला जातांना प्रश्न लिहून न्यावे: दोन्ही कुशींवर निजतां येईल काय, पायांतली उशी काढावी काय, खालीं बसतां येईल काय. पहिल्या दोहोंना बहुधा होकार येतो. तिसऱ्याला पुष्कळ डॉक्टर नकार देतात, कांहीं पुढें कांहीं महिन्यांनीं संमति देतात, आणि तें सांध्याच्या जातीवर व शस्त्रक्रियेवर ठरतें. होकार आल्यावरहि बदललेल्या कुशीवर पहिल्यांदां निजतांना थोडा वेळच निजावें. दुखलें तर वळावें, आणि दुसऱ्या रात्रीं वेळ वाढवावी. पायांतली उशी कित्येकांना त्यानंतरहि सोडवत नाहीं. ती तशीच राहूं दिली तर कांहीं बिघडत नाहीं.